टेप ड्राइव्ह दिसेना तेव्हा : प्रस्तावना

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची ठरली की सगळ्यांचं लक्ष सर्व्हरकडे असतं. डेटाबेस चढला का, लोकांना लॉगिन होतंय का, प्रिंट निघतेय का, सोमवारी सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेल का, अशी यादी हाताशी असते आणि एकेका ओळीपुढे खूण होत जाते. बॅकअप घेणारं यंत्र नव्या सिस्टीमला दिसतंय का, हा प्रश्न त्या यादीच्या तळाशी असतो. बऱ्याचदा तो यादीत नसतोच. ही पुस्तिका त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

एवढ्याशा प्रश्नासाठी स्वतंत्र पुस्तिका कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ड्राइव्ह दिसेनासा झाला की दोन गोष्टी एकाच वेळी बंद पडतात. नवा बॅकअप होत नाही आणि जुना वाचता येत नाही. हे घडतं तेही अशा दिवसांत, जेव्हा नवी सिस्टीम रुळलेली नसते, बिघाडाची शक्यता सर्वाधिक असते आणि मागे फिरण्यासाठी तोच बॅकअप लागणार असतो. त्यातून ही अडचण आवाज करत नाही. सर्व्हर चालू असतो, लोक काम करत असतात, कुणाची तक्रार नसते. काही बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्ह नसला तर रात्रीचं काम अयशस्वी म्हणून नोंदलंच जात नाही, ते टेपची वाट पाहत अडकून राहतं. मग आठवडे जातात आणि कुणीतरी एखादी फाइल परत मागेपर्यंत काही कळत नाही.

सिस्टीम हौसेने कुणी बदलत नाही, मुदत संपते म्हणून बदलावी लागते. विंडोज सर्व्हर २००३ ला मिळणारा आधार १४ जुलै २०१५ ला संपला, २००८ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि २०१२ व २०१२ आर२ यांचा १० ऑक्टोबर २०२३ ला. लिनक्सकडे वळलेल्यांनाही यातून सुटका नव्हती. सेंटओएस ८ हे २०२९ पर्यंत चालेल असं धरून अनेकांनी आखणी केली होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. या तारखांच्या आगेमागे सिंगापूरपासून सोलापूरपर्यंत असंख्य कचेऱ्यांमध्ये सिस्टीम बदलल्या गेल्या, आणि अजूनही बदलल्या जात आहेत.

बदलते ती सिस्टीम. खालचं हार्डवेअर बहुतेक वेळा तेच राहतं, आणि त्यातही टेप ड्राइव्ह आणि त्याचं कार्ड हे सगळ्यांत जुने रहिवासी असतात. सिंगापुरात उबी, काकी बुकित, तुआस इथल्या औद्योगिक इमारतींमध्ये छोट्या व्यापारी, जहाजी आणि उत्पादक कंपन्या आहेत. इथे जागेचं भाडं जड, त्यामुळे सर्व्हरसाठी मिळते ती पॅन्ट्रीशेजारची एखादी बंद खोली, आणि त्या खोलीत सर्व्हरच्या डोक्यावर एक काळा डबा बसवलेला असतो. तोच टेप ड्राइव्ह. सिंगापूरच्या कर खात्याच्या नियमानुसार कंपन्यांना हिशेबाची कागदपत्रं किमान ५ वर्षं जपावी लागतात. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने हीच मुदत ८ वर्षांची आहे. म्हणजे आज लिहिलेली टेप वाचायची वेळ येईल तेव्हा तिच्या खालची सिस्टीम बदललेलीच असेल, असं धरून चालावं. महाराष्ट्रातल्या पतसंस्था, साखर कारखाने आणि छापखाने यांची गोष्टही काही वेगळी नाही.

बॅकअप आहे, पण ऐन वेळी तो हाताशी येत नाही, याचं सिंगापूरमधलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण १४ ऑक्टोबर २०२३ चं. त्या शनिवारी दुपारी इक्विनिक्स कंपनीच्या एका डेटा सेंटरमध्ये थंड पाण्याच्या यंत्रणेच्या सुधारणेचं काम चालू होतं. कंत्राटदाराकडून चुकीचा संदेश गेला, पाण्याच्या टाक्यांच्या झडपा बंद झाल्या, तापमान वाढत गेलं आणि डीबीएस व सिटी या दोन बँकांच्या सेवा कोलमडल्या. दोन्ही बँकांकडे पर्यायी डेटा सेंटर होतं. दोघींनी तिकडे जाण्याचा प्रयत्नही केला. पण डीबीएसला नेटवर्कच्या चुकीच्या मांडणीने अडवलं आणि सिटीला जोडणीतल्या अडचणींनी. सुमारे २५ लाख पेमेंट आणि एटीएम व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. ही माहिती पुढच्या महिन्यात सिंगापूरच्या संसदेत अधिकृतपणे मांडली गेली. मॉनेटरी ऑथॉरिटी ऑफ सिंगापूर या नियामक संस्थेचा नियम असा, की महत्त्वाच्या यंत्रणा कोणत्याही १२ महिन्यांत एकूण ४ तासांपेक्षा जास्त अनियोजितपणे बंद राहता कामा नयेत. त्या वर्षी डीबीएसच्या सेवा अनेकदा खंडित झाल्या होत्या. १ नोव्हेंबर २०२३ ला नियामकाने बँकेला ६ महिने अत्यावश्यक नसलेले तांत्रिक बदल थांबवायला सांगितलं.

हे मोठ्या बँकेचं उदाहरण आहे आणि त्यात टेप ड्राइव्हचा संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी ते या पुस्तिकेच्या सुरुवातीला असायला हवं. तिथे पर्यायी व्यवस्था अस्तित्वात होती, फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या साखळीतली एक कडी जुळत नव्हती. न दिसणाऱ्या टेप ड्राइव्हची अडचण नेमकी हीच असते.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर गेलेला होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम मात्र ९.२ चा चालत होता. आवृत्त्या जुळत नसल्याने तो दर वेळी थांबत होता. तसं कळवणारे ईमेल जात होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने ते पलीकडे नाकारले जात होते. एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे ६ तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचं वाचलं. वरची आवृत्ती बदलली, खालचं साधन तेच राहिलं आणि कुणालाच कळलं नाही. आपल्या विषयाची रूपरेषा यात पूर्ण आली.

आता क्लाउडच्या काळात टेप कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची टपालपेटी रिकामी झाली. अनेक डेटा सेंटरांमधल्या प्रतींवरही त्या दोषाचा परिणाम झाला होता, आणि गूगलने ती पत्रं परत आणली ती टेपवरून. कपाटात ठेवलेल्या टेपला कोणत्याही नेटवर्कवरून हात लावता येत नाही. खंडणीखोर सॉफ्टवेअर सर्व्हर, जोडलेल्या डिस्का आणि क्लाउडमधल्या प्रतींपर्यंत पोहोचतं, पण बाहेर काढून ठेवलेली टेप त्याच्या आवाक्यात येत नाही. सिंगापूरच्या सायबर सुरक्षा संस्थेने छोट्या उद्योगांसाठी जी सायबर इसेन्शियल्स ही मूलभूत मानकं आखली आहेत, त्यांच्या ५ विभागांपैकी एक पूर्ण विभाग बॅकअपचा आहे. क्षमतेच्या बाबतीतही टेप मागे नाही. २००० साली आलेल्या एलटीओ या प्रकारच्या पहिल्या टेपमध्ये १०० जीबी मावत, तर २०२१ च्या एलटीओ-९ मध्ये १८ टीबी मावतात.

मुख्य विषयाकडे येऊ. ‘ड्राइव्ह दिसत नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते ऐकलं की मी एकच विचारतो: कुणाला दिसत नाही? सर्व्हर आणि टेप यांच्यामध्ये पाच पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला वेगळं विचारावं लागतं, आणि प्रत्येक पायरी स्वतःपुरतं खरं उत्तर देते. या पुस्तिकेची पहिली पाच प्रकरणं याच पायऱ्यांची आहेत.

पहिली पायरी खुद्द ड्राइव्ह. त्याला वीज आहे का, सुरू होताना तो स्वतःची तपासणी पूर्ण करतो का, टेप घातली की ती आत ओढून घेतो का? हे सारं सर्व्हर बंद असतानाही पाहता येतं. दुसरी पायरी केबल आणि कार्ड. जुन्या समांतर स्कझी जोडणीत प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा असावा लागतो, कार्ड बहुधा ७ क्रमांक घेतं आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. टर्मिनेटर सैल असेल तर ड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही. सर्व्हर आधी आणि ड्राइव्ह नंतर सुरू केला तरी तो यादीत येत नाही. वीज जाऊन-येऊन असलेल्या ठिकाणी हे वारंवार होतं. नंतरच्या सॅस जोडणीत टर्मिनेटरची कटकट गेली, पण एक नवी अट आली. ड्राइव्ह साध्या सॅस कार्डाला जोडलेला हवा. डिस्कांचा रेड सांभाळणारी अनेक कार्डं टेप ड्राइव्ह पुढे दाखवतच नाहीत.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: नव्या सिस्टीमच्या कर्नलकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर आहे का? इथे एक प्रसंग जवळून सांगतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

उबीमधल्या एका कंपनीत सेंटओएस ७ जाऊन त्याच कुळातली आठव्या आवृत्तीची सिस्टीम बसवली होती. ड्राइव्ह एलटीओ-६ चा, बाहेरून सॅस केबलने जोडलेला. बॅकअप सॉफ्टवेअर म्हणत होतं की यंत्र नाही. माझ्यासोबत काम करणारा सांगलीचा तरुण रॅकसमोर उकिडवा बसला होता.

“सर, ड्राइव्ह गेला वाटतं. नव्याचं कोटेशन मागवू का?”

“दिवा हिरवा आहे ना?”

“हो, टेपही आत घेतोय.”

“मग ड्राइव्हला दोष कशाला? आधी कार्डाला विचारू.”

एलएसपीसीआय ही कमांड के आणि एनएन या पर्यायांसह चालवली. सर्व्हरमधल्या सगळ्या कार्डांची यादी आली. नेटवर्क कार्डाखाली लिहिलं होतं, की अमुक ड्रायव्हर वापरात आहे. डिस्कांच्या कार्डाखालीही तशीच ओळ. टेपच्या सॅस कार्डाचं नाव यादीत होतं, १०००:००७२ हा त्याचा ओळखक्रमांकही होता, पण त्याखाली ड्रायव्हरची ओळच नव्हती. कार्ड खाचेत नीट बसलं होतं, ते जिवंत होतं आणि सर्व्हरला दिसतही होतं. फक्त त्याची जबाबदारी घेणारं कर्नलमध्ये कुणी नव्हतं.

हा क्रमांक एसएएस २००८ या चिपचा. जुन्या सॅस टेप ड्राइव्हांसोबत या चिपची कार्डं सर्रास विकली गेली. या कुळाचं मूळ असलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये एमपीटी३सॅस हा ड्रायव्हर कायम ठेवला गेला, पण तो ज्या कार्डांना सांभाळतो त्या यादीतून या चिपसकट काही जुने क्रमांक वगळले गेले. जुन्या समांतर स्कझी कार्डांचे काही ड्रायव्हर तर पूर्ण काढले गेले. हे सारं त्या आवृत्तीच्या अधिकृत नोंदींमध्ये छापलेलं आहे. पण सिस्टीम बदलण्याआधी त्या नोंदी टेपच्या कार्डासाठी कुणी उघडत नाही. ड्रायव्हरचं नाव ओळखीचं दिसतं, तो मेमरीत चढलेलाही असतो, आणि तरी कार्ड पोरकं राहतं. म्हणून नुसता ड्रायव्हर आहे का हे पाहून भागत नाही, तो या क्रमांकाचं कार्ड घेतो का, हे पाहावं लागतं.

यावर मार्ग तीन. ईएलरेपो या प्रकल्पाने वगळलेले क्रमांक परत जोडलेले ड्रायव्हर उपलब्ध करून दिले आहेत, ते बसवता येतात. पण सर्व्हरवर सिक्युअर बूट चालू असेल तर आधी त्या प्रकल्पाची चावी सर्व्हरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर कर्नल तो ड्रायव्हर आत घेत नाही. शिवाय कर्नलची मोठी सुधारणा आली की ड्रायव्हर जुळतोय का हे पुन्हा पाहावं लागतं. दुसरा मार्ग वेगळ्या वितरणाचा. अल्मालिनक्सने मे २०२४ मध्ये आलेल्या ९.४ या आवृत्तीत अशा अनेक जुन्या कार्डांचा आधार मुद्दाम परत आणला. तिसरा मार्ग कार्डच बदलण्याचा. एसएएस ३००८ चिपचं कार्ड आणि त्याला साजेशी केबल घेतली की जुना ड्राइव्ह तसाच पुढे चालतो. माझा कल तिसऱ्याकडे असतो, कारण दर सुधारणेला धाकधूक करणारा बॅकअप हा भरवशाचा बॅकअप नव्हे. त्या कंपनीत आधी ईएलरेपोचा ड्रायव्हर बसवून राहिलेला बॅकअप पूर्ण केला आणि मग सवडीने कार्ड बदललं. नव्या ड्राइव्हचं कोटेशन मागवावं लागलं नाही.

चौथी पायरी: कार्ड चालू झालं, पण ड्राइव्ह टेप म्हणून ओळखला गेला का? लिनक्समध्ये हे काम एसटी या मॉड्यूलचं, आणि टेपा बदलणाऱ्या यांत्रिक हाताशी बोलणं एसजी या मॉड्यूलमार्फत होतं. काही ठिकाणी एसजी आपोआप चढत नाही. मग ड्राइव्ह दिसतो आणि टेपा बदलणारा हात दिसत नाही. एलएसस्कझी ही कमांड जी पर्यायासह चालवली की दोन्ही एकाच नजरेत कळतात. काही ऑटोलोडरमध्ये ड्राइव्ह आणि हात एकाच पत्त्यावर, शून्य आणि एक अशा दोन उपक्रमांकांनी राहतात. जुने कर्नल किंवा कार्डाची चुकीची मांडणी पहिल्या उपक्रमांकावरच थांबते.

पाचवी पायरी बॅकअप सॉफ्टवेअर. नव्या सिस्टीमवर ड्राइव्हचं नाव बदललेलं असू शकतं. दोन ड्राइव्ह असतील तर त्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून शून्य, एक अशा क्रमांकांवर न विसंबता ड्राइव्हच्या अनुक्रमांकावरून बनलेलं कायमचं नाव सॉफ्टवेअरला द्यावं. ड्राइव्ह बहुधा रूट या वापरकर्त्याच्या आणि टेप या गटाच्या मालकीचा असतो. नव्या सिस्टीमवर बॅकअपचा वापरकर्ता त्या गटात घालायचा राहून गेला, तर सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे सांगतं की यंत्र उघडत नाही, आणि माणूस केबल तपासत बसतो.

विंडोजच्या जगात पायऱ्या याच, अडचणींची रूपं वेगळी. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये एनटीबॅकअप गेला आणि त्याच्या जागी आलेल्या विंडोज सर्व्हर बॅकअपला टेपवर लिहिताच येत नाही. तिथे ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्यवस्थित दिसतो आणि तरीही बॅकअपच्या खिडकीत नसतो. अशा वेळी ड्रायव्हर शोधण्यात घालवलेला वेळ वाया जातो, कारण गरज वेगळ्या बॅकअप सॉफ्टवेअरची असते. २००८ आर२ पासून विंडोज सर्व्हर फक्त ६४ बिटांचा झाला आणि जुने ३२ बिटांचे ड्रायव्हर एका फटक्यात बाद झाले. काही बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःचा टेप ड्रायव्हर आणतात आणि तो निर्मात्याच्या ड्रायव्हरशी भांडतो. सर्व्हर प्रत्यक्ष यंत्रावरून आभासी यंत्रात हलवला असेल तर प्रश्न आणखी मुळात जातो. ड्राइव्ह खालच्या यजमान यंत्राला जोडलेला असतो. मुद्दाम वाट करून दिल्याशिवाय आतल्या पाहुण्या सिस्टीमला तो कसा दिसणार?

ड्राइव्ह दिसू लागला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि घाईने पहिली टेप घालून लिहायला लागतात. मला सर्वाधिक भीती या क्षणाची वाटते. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. एसटी० या नावाने काम केलं तर काम संपताच टेप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते. एनएसटी० या नावाने केलं तर ती आहे तिथेच थांबते. नव्या मांडणीत चुकून पहिलं नाव गेलं, तर दुसरं काम पहिल्याच्या उरावर लिहिलं जातं. म्हणून नियम साधा. सिस्टीम बदलल्यावर ड्राइव्हमध्ये जाणाऱ्या पहिल्या जुन्या टेपची लेखनबंदीची खिट्टी आधी सरकवायची, आणि पहिलं काम वाचण्याचं करायचं.

वाचतानाही फसायला होतं. जुन्या सिस्टीमवर ६४ किलोबाइटच्या ब्लॉकने लिहिलेली टेप नव्या सिस्टीमवर टार प्रोग्रामने त्याच्या नेहमीच्या १० किलोबाइटच्या मापाने वाचायला घेतली, की मेमरी उपलब्ध नाही अशा अर्थाचा संदेश येतो. सर्व्हरमध्ये भरपूर मेमरी असते. टेपवरचा ब्लॉक वाचणाऱ्याच्या मापात मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. माप वाढवलं की टेप सुरळीत वाचली जाते. तो संदेश पाहून धडधाकट टेपा खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, हे मी पाहिलं आहे. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतः टेप कूटबद्ध करू शकतो. तशी सोय वापरली असेल तर चावी कुठे आहे हे आधी शोधा. ती जुन्या सर्व्हरच्या डिस्कवरच असेल आणि ती डिस्क पुसली गेली असेल, तर ड्राइव्ह कितीही छान दिसला तरी टेपा कायमच्या मुक्या झाल्या.

आणि नवा ड्राइव्ह घ्यायचा ठरलाच, तर पिढ्यांचं गणित लक्षात ठेवावं. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचत. एलटीओ-८ फक्त एक पिढी मागे जातो. म्हणजे एलटीओ-६ च्या टेपांचं कपाट असलेल्या कंपनीने एलटीओ-८ चा ड्राइव्ह आणला, तर जुनं काहीच वाचता येणार नाही. सिंगापूरच्या हवेचाही विचार हवा. इथे आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते, आणि टेपा दीर्घकाळ ठेवायच्या तर ती २० ते ५० टक्क्यांदरम्यान हवी. बाहेरच्या गोदामातून दमट उकाड्यात आणलेली टेप थंडगार सर्व्हर रूममध्ये लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. तिला एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्यावं. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यालाही हे लागू आहे.

यातलं पुष्कळसं टाळता येतं, आणि टाळण्याचा वेळ जुनी सिस्टीम अजून चालू असतानाचा. सहाव्या प्रकरणात एका पानाची नोंदवही दिली आहे. कार्डाचं नाव आणि ओळखक्रमांक, ड्राइव्हचा अनुक्रमांक आणि फर्मवेअर, वापरात असलेला ड्रायव्हर, ब्लॉकचं माप, बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती, त्याच्या कॅटलॉगची प्रत, कूटलेखनाची चावी कुणाकडे आहे. हे सारं जुनी सिस्टीम पाच मिनिटांत सांगते, आणि ती पुसली गेली की कुणीच सांगू शकत नाही. ते पान छापून घ्यावं, सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवू नये. त्या पानावरचा कार्डाचा क्रमांक घेऊन नव्या आवृत्तीच्या अधिकृत नोंदींमध्ये वगळलेल्या हार्डवेअरची यादी चाळावी. उबीतल्या त्या कंपनीचं उत्तर त्या यादीत सिस्टीम बदलण्याच्या कितीतरी आधीपासून छापलेलं होतं.

ही पुस्तिका लिहिताना डोळ्यांसमोर दोन वाचक होते. एक, सिंगापूर, दुबई किंवा पुण्यात एकट्याच्या खांद्यावर पाच-सात कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारा मराठी मुलगा किंवा मुलगी. त्यांना हार्डवेअर कुणी शिकवलेलं नसतं, कारण अभ्यासक्रम आता क्लाउडपासून सुरू होतात. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रकरणात आधी काय विचारायचं, मग कोणती कमांड, मग उत्तराचा अर्थ काय, हा क्रम ठेवला आहे. दुसरा वाचक म्हणजे संस्थेचा चालक किंवा हिशेब सांभाळणारा, ज्याला कमांडशी देणंघेणं नाही. त्याने निदान शेवटचं प्रकरण वाचावं. ज्या मित्रांनी आपल्या सर्व्हर रूमची दारं माझ्यासाठी उघडली, जुनी कार्डं आणि टेपा तपासायला दिल्या, आणि कच्च्या प्रकरणांमधल्या कमांड स्वतःच्या यंत्रांवर चालवून पाहिल्या, त्यांचा मी ऋणी आहे.

शेवटच्या प्रकरणाचं सांगणं थोडक्यात इथेच मांडतो. सिस्टीम बदलण्याचं काम नवा सर्व्हर सुरू झाला म्हणजे संपत नाही, ड्राइव्ह यादीत दिसला म्हणजेही संपत नाही. जुन्या टेपवरची, जुन्या सिस्टीमने लिहिलेली एखादी खरी फाइल नव्या सिस्टीमवर परत आली, ती फाइल रोज वापरणाऱ्या माणसाने उघडून ‘हीच ती’ म्हणून सांगितलं, आणि नव्या सिस्टीमने लिहिलेली टेपही तशीच वाचून झाली, की ते काम संपलं. त्यासाठी एक पूर्ण दिवस लागतो. माझी संस्थाचालकांना विनंती आहे की सिस्टीम बदलण्याचं वेळापत्रक मंजूर करताना तो दिवस त्यात आधीच धरा, आणि त्या दिवसाची खूण होईपर्यंत जुना सर्व्हर पुसायची परवानगी देऊ नका.